वाटून वाचलेली कादंबरी

आमच्या वाचनमंडळात कादंबरी वाटून वाचतात. एका घराने पहिले दोन अध्याय, दुसऱ्याने पुढचे दोन, असं करत शेवटच्या घरापर्यंत. मग एखाद्या शनिवारी दुपारी सगळे जमतात, जो तो आपल्या अध्यायांत काय घडलं ते सांगतो, आणि चहा होईपर्यंत मंडळाची कादंबरी वाचून झालेली असते. अबू धाबीत नोकरी करणाऱ्या माणसांना वेळ नसतो. तेव्हा पद्धत सोयीची आहे, हे मला मान्य आहे.

तिचं मूळ पोथीत आहे. श्रावणात मंडळाच्या ॲडमिन वहिनी व्हॉट्सॲपवर पारायण घडवून आणतात. एकेका घराला एकेक अध्याय. पुण्य मात्र प्रत्येकाला सबंध पोथीचं. त्यात कुणाचं काही अडत नाही, कारण पोथीत पुढे काय होणार हे लहानपणापासून ठाऊक असतं. वहिनी मालवाहतुकीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, एक खेप दहा ठिकाणी कशी वाटायची हे त्यांना चांगलं जमतं. पारायण सुरळीत पार पडलं, तेव्हा त्यांनी कादंबरीलाही तेच लावलं. पीडीएफचे तुकडे करून ज्याच्या त्याच्या फोनवर ज्याचे त्याचे अध्याय पाठवायचे. दुसऱ्याचे मागायचे नाहीत, गोंधळ होतो.

माझ्या पत्नीला ह्याची फार गंमत वाटे. "उद्या जेवायलाही असंच बसतील," ती म्हणायची. "वरण तुम्ही खा, भात आम्ही खातो, पोट सगळ्यांचं भरलं." स्वतः ती पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि मंडळात आपल्या वाट्याचेच दोन अध्याय सांगायची. नियम मोडल्याचं तिने कुणाला कळू दिलं नाही.

यंदाच्या कादंबरीचं नाव मंडळाला तिनेच सुचवलं होतं. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांमधलं एक लहान गाव. कोळशाची खाण बंद पडलेली. एक आई गावातलं दुकान चालवते, आणि तिची मुलगी उत्तरेकडच्या शहरात कारखान्यात नोकरी करते. मुलगी दर महिन्याला दिवसभर गाडी चालवून घरी येते, आणि दर वेळी म्हणते, पुढच्या वर्षी कायमची येणार. सोळा अध्याय कादंबरी चालते ती एवढ्यावर. मारामारी नाही, खून नाही. हॉस्पिटलमध्ये हाताला नळी लावून बसायच्या दिवसांत पत्नीने ती वाचून काढली. तिची संपली तेव्हा मी निम्म्यावर होतो.

"शेवटाबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "पण आधी वाच. आत्ता सांगितलं तर तू नुसती मान डोलावशील."

मी सावकाश वाचतो. माझी संपली तेव्हा बोलायला ती नव्हती.

त्यानंतर माझ्याशी बोलायला पुष्कळ लोक आले. तिची सुटका झाली, असं सांगून गेले. स्वतःला बिझी ठेवा, असंही सांगून गेले. मंडळाने माझ्या डब्याचं वेळापत्रक केलं, तक्त्यात रंग भरले, आणि आठवडेच्या आठवडे प्रत्येक घराने आपापल्या दिवशी पनीर पाठवलं. शेजारच्या घराने काल काय पाठवलं हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं; डबेही वाटून दिलेले होते. मी कृतघ्न नाही. पण मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचावं आणि त्या शेवटाबद्दल माझ्याशी बोलावं. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि एवढं मागणं फार नाही असं मला वाटत होतं.

म्हणून वहिनींनी जेव्हा ग्रुपवर जाहीर केलं की यंदा तिचीच कादंबरी घ्यायची, तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी यादी आली. वर लिहिलं होतं, 'तिच्या स्मृतीस अर्पण', पुढे दोन हात जोडलेले. खाली घरं आणि अध्याय. मागच्या वर्षीचीच यादी होती, पुस्तकाचं नाव तेवढं बदललेलं. सगळ्यात तळाशी, पंधरा आणि सोळा ह्या अध्यायांसमोर, माझ्या पत्नीचं नाव होतं.

वर तिला श्रद्धांजली, आणि खाली तिला दोन अध्याय. ह्यावर अंगठ्यांची रांग लागली. आमच्या घराचा वाटा तिच्याच नावावर असल्यामुळे मला वेगळं काही आलं नाही. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. तिकडे मात्र पीडीएफचा तुकडा इमानेइतबारे येऊन पडला. नंतर आठवण करून देणारा मेसेजही आला: ज्यांचं वाचन राहिलंय त्यांनी प्लीज वीकएंडच्या आत संपवावं.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. कुणाच्या तरी लक्षात येईल, असं वाटलं. लक्षात नाही आलं तरी एखाद्याला पुढचं वाचायची उत्सुकता होईल, तो वहिनींकडून नाही तर दुकानातून पुस्तक आणेल, असंही वाटलं. ही आशा घेऊन मी त्या शनिवारी मोहम्मद बिन झायद सिटीला टॅक्सीने गेलो. हॉस्पिटलच्या खेपा संपल्यापासून मी गाडी फारशी चालवत नाही.

बैठक एका कंत्राटदारांच्या व्हिलात होती. त्यांचा फॉल्स सीलिंगचा धंदा आहे, मुसफ्फाला वर्कशॉप, आणि दिवाणखान्यात एवढ्या पातळ्यांचं छत की वर बघितलं की मान दुखते. माणूस मोठ्याने बोलणारा. बोलतात ते निम्मं मराठीत, निम्मं साइटवरच्या हिंदीत, आणि मला सर म्हणतात. मी त्यांना त्या दिवसापर्यंत टाळत आलो होतो. वहिनींनी कोळशाची थीम ठरवली होती, म्हणून टेबलावर काळे नॅपकिन होते. पदार्थ अमेरिकन हवेत म्हणून मॅक अँड चीज होतं, आणि दोघांना चतुर्थी होती म्हणून साबुदाण्याचे वडे. पत्नीचा फोटो टीव्हीच्या पडद्यावर लावला होता. मधूनमधून टीव्ही स्वतःच झोपी जाई, मग कुणीतरी रिमोट दाबून तिला परत आणी.

सुरुवात एका फायनान्स मॅनेजरांनी केली. पहिले दोन अध्याय त्यांचे.

"ॲक्च्युअली मला ती मुलगी पटली नाही," ते म्हणाले. "डिसिजन घे ना. जायचं तर जा, राहायचं तर राहा. दर महिन्याला एवढा ड्राइव्ह करायचा आणि म्हणायचं, नेक्स्ट इयर नक्की. ह्याला काय लॉजिक आहे?"

हे गृहस्थ इथे आले तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. आता ती कॅनडात नोकरी करते. बाणेरला त्यांचा फ्लॅट आहे. दर उन्हाळ्यात ते तिथे जातात, गिझर चालतो का बघतात, फर्निचरवरच्या चादरी झटकून परत घालतात आणि येतात. पुढच्या मार्चनंतर ते कायमचे जाणार आहेत. कुठल्या मार्चनंतर, हे विचारण्याइतका मी त्यांच्या जवळचा नाही.

"पुस्तक केवढ्याचं हो हे?" त्यांनी विचारलं.

"पासष्ट दिरहॅम," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे पंधराशेच्या वर. आणि आत नुसतं डिप्रेशन."

पाचवा आणि सहावा अध्याय एका दंतवैद्य बाईंचा होता. त्यांना गावातल्या लोकांचं वागणं खटकलं होतं. "कधीही येतात हो एकमेकांकडे. फोन नाही, मेसेज नाही. थेट ओसरीवर येऊन बसायचं. बाउंड्रीज म्हणून काही आहे की नाही?" मात्र आईने सहाव्या अध्यायात घेवड्याच्या शेंगा शिजवल्या होत्या, ती पाककृती त्यांना बरी वाटली. "हेल्दी आहे. फक्त चरबी घालते ती, ते सोडून."

मग यजमान उठले. उठून बोलायची त्यांची सवय. त्यांच्या अध्यायांत गावातले पुरुष एका मोडक्या गाडीत कोंबून कारखान्याच्या शहरी जातात आणि शुक्रवारी रात्री तसेच परत येतात.

"बाकी सब ठीक आहे," ते म्हणाले, "पण एका गाडीत एवढी माणसं? इथं असं केलं ना, तर फाइन. डायरेक्ट फाइन. आणि त्यांना जेवण कोण देतं? लेखकाने काही लिहिलंच नाही. माझ्याकडे मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात एवढे लोक राहतात, पहिला सवाल जेवणाचा असतो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मनात म्हटलं की ह्यांना कादंबरी देणं म्हणजे सुताराला झाड दाखवणं.

नववा-दहावा अध्याय भाभींचा होता. भाभी रत्नागिरीच्या, त्यांच्या पतींचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या अध्यायांत वर्षातून एकदा सगळं गाव टेकडीवरच्या कबरस्तानात जातं, गवत काढतं, फुलं ठेवतं, आणि मग तिथेच चादरी अंथरून एकत्र जेवतं.

"कबरींमध्ये बसून चिकन?" दंतवैद्य बाई म्हणाल्या.

"वेरी अनहायजेनिक," फायनान्स मॅनेजर म्हणाले. त्यांच्या हातात वडा होता.

"आपल्याच माणसांत बसलेत ना, भाऊ," भाभी म्हणाल्या. "एवढा डोंगर चढून गेल्यावर उपाशी थोडेच उतरतील? मला एवढंच वाटलं की न्यायचं म्हणजे जेवण थंड होत असेल." मग त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या ताटलीत चटणी वाढली. मला त्यांना विचारावंसं वाटलं की तुम्ही पुढचं वाचलंत का. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढचं आमच्याकडे नाही," आणि बसल्या.

तेराव्यापासून वहिनींचा भाग सुरू झाला. त्यांनी चष्मा लावला आणि सांगितलं की आई गेल्यावर दुकानातलं सामान कोण घेणार ह्यावरून भावकीत वाद होतात.

"एक मिनिट," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "आई गेली?"

"गेली ना. बाराव्यात गेली असणार. माझ्यात सुरुवातीलाच नाही आहे."

"कशी जाईल? सहाव्यात चांगली शेंगा शिजवत होती."

"अहो, माझ्यात फ्युनरल होऊन गेलंय."

"तुमच्यात मेली असेल. माझ्यात ठणठणीत आहे."

त्या विनोद करत नव्हत्या. बाराव्याचं घर त्या दिवशी शारजाला बारशाला गेलं होतं, त्यामुळे निर्णय देणारं कुणी नव्हतं. थोडा वेळ दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. कुणी म्हणालं, फ्लॅशबॅक असेल. कुणी म्हणालं, दोन आया असतील. टीव्ही झोपला, रिमोट दाबला गेला, माझी पत्नी पुन्हा पडद्यावर आली आणि ह्या सगळ्याकडे बघून हसत राहिली. फोटोत ती हसतेच आहे. पण 'तुमच्यात मेली असेल' हे वाक्य तिला आवडलं असतं. घरी जाताना तिने ते मला दोनदा तरी म्हणून दाखवलं असतं.

"ओके, वेळ होतोय. यल्ला, लास्ट पार्ट," वहिनी म्हणाल्या. "पंधरा-सोळा कोणाकडे?"

 वहिनी फोनवर यादी खाली सरकवू लागल्या. त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नॅपकिनकडे. चेहरा उतरला. त्या वाईट बाई नाहीत.

"सॉरी," त्या हळू म्हणाल्या. "मी मागचीच लिस्ट..."

 मग दंतवैद्य बाईंनी यजमानांच्या मुलीला हाक मारली. ती सोफ्याच्या टोकाला फोन बघत बसली होती. "बेटा, ते तुमचं एआय असतं ना, त्याला विचार बरं, शेवटी काय होतं."

"ऑलरेडी विचारलंय," मुलगी म्हणाली. "डॅडचे चॅप्टर्स पण मीच केले. इट सेज द माइन रीओपन्स, अँड द कम्युनिटी हील्स."

"म्हणजे?"

"खाण परत चालू होते, आँटी. एव्हरीवन कम्स होम."

खोलीत एकदम हवा आल्यासारखं झालं. "चला, पॉझिटिव्ह एंडिंग आहे," फायनान्स मॅनेजर म्हणाले. "आधीच सांगायचं ना, मी उगाच नावं ठेवत होतो." दंतवैद्य बाई माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "बरं झालं हो. म्हणजे तुमच्या मिसेसना शेवटी काहीतरी छान वाचायला मिळालं."

"खाण उघडत नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मुळात लहान आहे. तोवर केक आला होता. काळ्या आयसिंगचा, वर पुस्तकाचं नाव. चर्चा तिथे संपली.

निघताना यजमान गाडीची किल्ली घेऊन माझ्या मागे आले. टॅक्सी कशाला, मी सोडतो, म्हणाले. नको म्हटलं तरी ऐकणारा माणूस नव्हे. रस्ताभर ते जिप्समच्या भावावर बोलले आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मनातून मी मंडळाचा राजीनामा लिहीत होतो. दोन ओळींचा, सभ्य.

माझ्या इमारतीखाली त्यांनी गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. ऊन उतरलं होतं तरी बाहेर भट्टी होती. मी दाराला हात घातला.

"सर, एक विचारू? खाण उघडत नाही म्हणालात. मग काय होतं?"

"तुम्ही ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलं, सर. केक कापायचा होता म्हणून." त्यांनी एसीची जाळी माझ्याकडे वळवली. "मी वहिनींकडे पुढचं मागितलं होतं. त्या म्हणाल्या, तुमचा भाग नाही तो. मग मुलीला सांगितलं, तर तिने ते मशीनवरचं आणून दिलं. ते गाडीतले लोक पुढे गेले का नाही, ते पण कळलं नाही मला."

म्हणून मी त्यांना शेवट सांगितला. आईचं सगळं आटोपतं. पाहुणे जातात. मुलगी सामान डिकीत टाकते, गाडीत बसते, इंजिन सुरू करते. मागे स्वयंपाकघरातला दिवा जळतोय. आणि पुस्तक संपतं.

"असं कसं संपतं? पीडीएफमध्ये पानं कमी असतील."

"नाही. माझ्याकडे छापील प्रत आहे."

ते विचार करू लागले. "गेली, सर. सामान टाकलं, स्टार्टर मारला, खलास. गेली."

"मला वाटतं राहिली," मी म्हटलं. "दिवा चालू ठेवून कोण जातं?"

"माझी मुलगी."

"ती गोष्ट वेगळी. ही बाई सोळा अध्याय एकेक दिवा विझवत फिरते. हिच्या हातून दिवा राहणार नाही."

"अहो, आई मेलीय तिची. माणसाच्या लक्षात राहतं का? माझा बाप गेला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून स्मशानात गेलो होतो." त्यांचा आवाज चढला. माझाही चढला होता. कितीतरी महिन्यांत मी कुणाशी असा भांडलो नव्हतो. लोक माझ्याशी हळू बोलत, आणि मी काही बोललो की लगेच मान्य करत. हा माणूस मान्य करायला तयार नव्हता. तो स्टिअरिंगवर बोट आपटून मला सांगत होता की मी चुकतोय.

मग ते थांबले आणि समोरच्या डॅशबोर्डकडे बघू लागले.

"सर, आपण आत्ता कुठे चाललोय?"

"कुठेच नाही."

"इंजिन तर चालू आहे."

"एसीसाठी."

"मग तेच. त्यांच्याकडे थंडी असेल ना डोंगरात? हीटर लावून बसली असेल ती. गेली पण नाही, राहिली पण नाही. बसलीय."

 रिपोर्ट घेऊन आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये येत असू, तेव्हा मी गाडी चालू करी आणि पत्नी म्हणे, लगेच नको काढूस. मग आम्ही एसी लावून बसत असू. ती कधी डोळे मिटून बसे, कधी पर्समधून हीच कादंबरी काढून चार पानं वाची. जागेसाठी मागे कुणीतरी दिवे चमकवत थांबलेलं असे. ती हाताने त्याला सांगे, थांब.

"मॅडमचं काय म्हणणं होतं शेवटाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"सांगायचं राहिलं."

"अच्छा." त्यांनी मान हलवली.  "छापील प्रत आहे म्हणालात. देता? पूर्ण?"

प्रत तिची होती. ती कुणाला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. वर जाऊन ती घेऊन खाली येईपर्यंत मी तीनदा विचार बदलला. ते तसेच बसले होते, इंजिन चालू, मागचा टॅक्सीवाला हॉर्न देतोय, आणि हे खिडकीतून हात काढून त्याला सांगताहेत, दो मिनट, हबीबी.

"टाइम लागेल हां, सर," पुस्तक घेताना ते म्हणाले. "इंग्लिश माझं साइटवरचं आहे."

आता ते मला मुसफ्फाहून फोन करतात. बहुतेक दुपारी, मागे करवत चालू असते. ओसरीवरचे शेजारी त्यांना आवडले. कादंबरीतल्या मुलीच्या नवऱ्याला ते नालायक म्हणतात, ह्यावर आमचं दोनदा वाजलं. मंडळाचा राजीनामा अजून पाठवलेला नाही. पुढच्या पुस्तकाची यादी आली. तिच्यात माझं नाव आहे, आणि मला मधले दोन अध्याय दिले आहेत.

काल त्यांचा फोन आला तेव्हा करवत बंद होती.

"सर, अकरावा संपला. बारावा उघडला आणि परत बंद केला."

"का?"

"आई अजून चांगली आहे. दुकान झाडतेय. पुढे काय होणार ते मला माहितीय ना आता." मग त्यांनी विचारलं, "दोन-चार दिवस इथंच थांबलो तर चालेल?"

चालेल, मी म्हटलं. पुस्तकाची घाई नाही.